साबणाच्या दाढा

माझ्या भाच्याइतकी दातांची काळजी वाहणारा आणि दातांमागच्या माणसाची मुळीच न वाहणारा प्राणी अख्ख्या कुवेतमध्ये दुसरा सापडायचा नाही. हा माझ्या ताईचा मुलगा. खैतानच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, समोरच्याच फ्लॅटमध्ये वाढला आणि इथल्याच एका कॉलेजात जीवशास्त्राची पदवी घेत होता. घेत होता हे आपलं म्हणायला, कारण पदवी ही त्याच्या लेखी नुसती पायरी होती. त्याला जायचं होतं ते कॅनडातल्या डेंटल स्कूलमध्ये, आणि मनाने तो तिथे कधीच जाऊन पोचला होता. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत. बिल्डिंगचा मिसरी हारिस, म्हणजे आमचा रखवालदार, रोज त्याला सलाम करायचा, पण याच्या दृष्टीने तो ‘वरचा सोन्याचा सुळा’ होता. मी सख्खी मावशी, लहानपणी याचे लंगोट बदललेली, पण खालच्या डाव्या दाढेला चीर आहे म्हणून मी ‘लोअर लेफ्ट, क्रॅक’. माझ्याशी बोलताना तो चुकूनही माझ्या डोळ्यांकडे बघत नसे, नजर सरळ ओठांच्या आत. शेवटी शेवटी मी त्याच्यासमोर नव्या सुनेसारखी तोंडावर पदर धरून बोलायला लागले.

सणवार त्याने आमचे नासवले म्हटलं तरी चालेल. संक्रांतीला ताई लोकांच्या हातावर तिळगूळ ठेवायची आणि हा मागोमाग येऊन प्रत्येकाला दात कोरायच्या दोऱ्याचा एकेक तुकडा द्यायचा, वर तो कसा ओढायचा हे स्वतःच्या तोंडात करून दाखवायचा. गणपतीत भर आरतीत मूर्तीकडे एकटक बघत उभा होता. म्हटलं, चला, पोराला भक्तीचा स्पर्श झाला. आरती संपल्यावर मला हळूच विचारतो, “मावशी, हे फ्रॅक्चर आहे की एक्स्ट्रॅक्शन?” खैरानला इथल्या मराठी मंडळाची सहल गेली होती. समुद्रकाठी शाले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्याने घेतलं होतं, शेगडीवर कणसं भाजली जात होती, सगळे खुशीत होते. मंडळाच्या अध्यक्षांनी कणीस सोलून हातात घेतलं तोच हा लांबून धावत आला आणि म्हणाला, “काका, चावू नका, तुमचे पुढचे चार फॉल्स आहेत, निघून येतील.” अध्यक्षांचे दात बसवलेले आहेत ही गोष्ट तोपर्यंत मंडळात कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांच्या बायकोच्या चेहऱ्यावरून वाटलं की घरातही नसावी. पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण ताईला जरा उशिराच आलं.

इतकं सगळं असून मुख्य गंमत वेगळीच होती. ज्याला उद्या लोकांच्या तोंडात ड्रिल घालायचं होतं, त्याचे हात थरथरत. लहानपणापासून. डॉक्टरांना दाखवून झालं होतं. काही नाही, असतं एकेकाला, असं ते म्हणाले आणि फी घेतली. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ताई त्याच्या हाती समोरून चहा पाठवायची. त्या दोन दारांमधला बोळ ओलांडेपर्यंत अर्धा चहा बशीत उतरलेला असे. मग मी आधी बशी तोंडाला लावायची, ती रिकामी झाली की कप. इतक्या वर्षांत मला तीच सवय लागली. त्याने दंतवैद्य व्हायचं ठरवलं आहे असं ताईने सांगितलं तेव्हा मी हातातल्या बशीकडे बघितलं आणि म्हटलं, अगं, याला सुनामी खात्यात घाल.

डेंटल स्कूलला जायचं तर आधी दवाखान्यात उभं राहून काम बघावं लागतं म्हणे. खैतानमधल्याच एका मल्याळी डॉक्टरीणबाईंनी त्याला उभं राहू दिलं. एके दिवशी कौतुकाने त्याच्या हातात छोटा आरसा देऊन पेशंटच्या तोंडात धरायला सांगितला. पेशंट कुडाळकडचा, कंत्राटावर आलेला फिटर. आरसा त्याच्या दातांवर टकटक टकटक वाजायला लागला. त्या बिचाऱ्याने बराच वेळ सोसलं, मग बाईंचा हात बाजूला करून तो याला मायेने म्हणाला, “झिला, तुका थंडी वाजता काय रे? एसी बंद करूक सांग मगे.” ही हकिकत घरी येऊन त्यानेच सांगितली, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. तो हसला नाही हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर साबणपर्व सुरू झालं. मंडळातल्या कुणाचा तरी मुलगा फार पूर्वी डेंटिस्ट होऊन गेला होता, त्याचं प्रवेशपरीक्षेचं जुनं गाइड याला मिळालं. त्यात लिहिलं होतं की या परीक्षेत साबणाच्या वडीतून दिलेला आकार कोरून दाखवावा लागतो. झालं. जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी भांडारातून, साबणाची खोकी यायला लागली. रोज कॉलेजातून आला की खिडकीशी बसायचा, मांडीवर वर्तमानपत्र, हातात चाकू. सुरुवातीच्या दाढा बटाट्यासारख्या दिसत, नंतरच्या किडलेल्या दाढांसारख्या दिसायला लागल्या, आणि ती प्रगतीच होती. दोन्ही घरांत सरळ साबण उरला नाही. पाहुणा हात धुवायला गेला की त्याच्या हातात मुळांसकट दाढ यायची. मी सुळ्याने अंघोळ करत होते. तो कीसही ताई फुकट घालवत नसे, त्यात कपडे भिजवायची.

भावोजी राई भागातल्या एका शोरूममध्ये बाथरूमच्या टाइल्स आणि बेसिनं विकतात. त्यांनी आपल्या परीने पर्यायी व्यवस्था करून ठेवली होती. पोराची पदवी त्या उन्हाळ्यात संपणार होती. शिक्षण संपलं की मोठ्या मुलाला बापाच्या अकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, फार दिवस ठेवता येत नाही. प्रवेश मिळाला तर कॅनडा, नाही तर त्याच शोरूममध्ये सेल्समन. मालकाशी बोलणं झालं होतं. “दात नाही तर टाइल्स,” भावोजी म्हणायचे, “शेवटी पांढरं आणि गुळगुळीत, एवढंच ना?” हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला की तो विनोद नाही हे कळायला लागलं. मुलगा मान खाली घालून दाढ कोरत राहायचा.

आणि मग परीक्षेला नाव नोंदवताना कळलं की साबण कोरण्याचा भाग त्या परीक्षेतून काढून टाकून कित्येक वर्षं झाली आहेत. हे त्याने नाव नोंदवायच्या दिवसापर्यंत बघितलंच नव्हतं. ताई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, तिचं मला सांगणं संपेना. मीही दोन-चार चांगले टोमणे तयार करून समोर गेले. तो खिडकीशीच बसला होता, मांडीवर वर्तमानपत्र, हातात चाकू. म्हटलं, अरे, आता कशाला? त्याने वर न बघता दाढेच्या मुळाशी एक बारीक रेघ ओढली, फुंकर मारून कीस उडवला आणि म्हणाला, “बाकी सगळं पाठ होतं गं मावशी. हात तेवढा पाठ होत नव्हता.” माझे टोमणे मी तसेच परत घेऊन आले.

त्याला प्रवेश मिळाला. इंटरव्ह्यूत त्याने कोणाचे दात काढले ते काही त्याने सांगितलं नाही. शोरूमच्या मालकाला ‘नाही’ सांगायला भावोजी स्वतः गेले आणि येताना मिठाईचा डबा घेऊन आले. त्यातलं काही पोराने कोणाला सुखाने खाऊ दिलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी बॅगा दाराशी होत्या, आणि माझ्याकडे चहा घेऊन तोच आला. मी सवयीने आधी बशीला हात घातला. बशी कोरडी होती. कप काठोकाठ भरलेला, आणि बशीत एक थेंब नाही. मी वर बघितलं तर तो माझ्या डोळ्यांकडे बघत होता. दातांकडे नाही. “क्रॅक दाखवून घे गं,” तो म्हणाला, “मी डॉक्टर होईपर्यंत टिकायची नाही ती.” आणि बॅगा उचलायला गेला.

कोरडी बशी घेऊन मी बसले. मग कपातला थोडा चहा मीच बशीत ओतला आणि प्यायले.