ढमाले सरांच्या वहीतला रिकामा रकाना

“ताई, आत्ता नेमकं काय काय बदललं तुमी?”

श्री. रघुनाथ ढमाले सरांचा आणि माझा खरा परिचय या प्रश्नाने झाला. ही २००४ सालची, गणपतीनंतर लगेचची गोष्ट. मी मूळची लातूरची, नोकरीसाठी भूगावला नव्यानेच राहायला आलेली, आणि पुण्यात संगणकाच्या कंपनीत असल्यामुळे स्वतःला फार मोठी जाणकार समजणारी. आमच्या कचेरीने काढून टाकलेले दहा जुने संगणक मी खटपट करून कोळवण खोऱ्यातल्या सरांच्या शाळेसाठी मिळवले, जीपमध्ये घालून आणले आणि मुख्याध्यापकांना ऐटीत सांगितले की दोन शनिवारांत सगळे सुरू करून देते.

सर तेव्हा शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. संगणकांसाठी खोली त्यांनीच मिळवली होती, आणि ती मिळवणे सोपे नव्हते. त्या खोलीत गावकीची भांडी असत. लग्नाकार्याला लागणारे टोप, पराती, झारे, सगळे तिथेच. सरांनी शाळा समितीपुढे शब्द टाकला आणि भांडी स्वतःच्या घराच्या पडवीत नेऊन ठेवली. समितीचे अध्यक्ष तात्या म्हणजे रोखठोक भातशेतकरी. त्यांनी मुदत घातली, “तुळशीच्या लग्नापातूर तुमच्या पेट्या चालल्या तर ठीक. न्हाईतर भांडी परत हितं.” शब्द सरांचा होता आणि काम माझे होते, हे मला फार उशिरा उमगले.

जुन्या संगणकांना विकतची नवी प्रणाली झेपणार नव्हती, म्हणून मी लिनक्स हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर घालायचे ठरवले. पहिल्या शनिवारी एका संगणकावर ते व्यवस्थित बसले. मग मी शहाणपणा केला. एकाची डिस्क जशीच्या तशी उरलेल्या नऊ संगणकांवर उतरवली. दहाही पेट्या बाहेरून सारख्या, मग आतून वेगळ्या कशाला असतील? नऊही सुरू केल्या. पांढरी अक्षरे भराभरा वर सरकली, आणि चित्र यायच्या वेळी नऊच्या नऊ पडदे काळे झाले. मी इथे एक आकडा बदलला, तिथे एक ओळ पुसली, पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या कार्डाचा दुसरा ड्रायव्हर घालून पाहिला. ड्रायव्हर म्हणजे संगणकाला त्याच्याच एखाद्या भागाशी बोलायला शिकवणारी आज्ञावली. संध्याकाळपर्यंत मी इतके काही केले होते की आधी काय होते तेच आठवेना. सर दिवसभर स्टुलावर बसून नुसते पाहत होते, आणि शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला.

खरे सांगते, मला राग आला. ज्यांनी आयुष्यभर परीक्षानळ्या धुतल्या त्यांनी मला प्रश्न विचारावेत? पण सरांनी शांतपणे एक लांबट वही काढली. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला असतात तसेच रकाने त्यांनी त्यात आखले होते. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. म्हणाले, “कृती एकच करायची. मग निरीक्षण. आन् अनुमानाच्या घरात निरीक्षणाआधी पेन टेकवायचं न्हाई. पोरांना मी हेच सांगतो, तुमाला बी तेच.”

दुसऱ्या शनिवारी आम्ही त्या वहीप्रमाणे सुरुवात केली. एक संगणक चालू केला. अक्षरे आली, पडदा काळा झाला. मी लगेच म्हणाले, कार्डाचा ड्रायव्हर चुकला. सरांनी हात वर केला, “पुन्यांदा चालू करा, मला ऐकू द्या.” पुन्हा केला. सर पडद्याच्या डब्याला कान लावून बसले. “टिक झालं. दोनदा. मग काळोख. ताई, ह्यो मेलेला न्हाई. ह्याला काय तरी मिळतंय, पण ह्याला ते झेपत न्हाई.” त्यांचे अगदी बरोबर होते. पहिल्या संगणकाला नवा, मोठा पडदा होता आणि त्याला पेलणारा चित्राचा वेग मी सगळ्या छोट्या, जुन्या पडद्यांवर लादला होता. वेगाचा आकडा कमी केला, आणि सहा पडद्यांवर एकामागून एक चित्र आले. सरांनी मला शाबासकी दिली. खरे तर ती मी त्यांना द्यायला हवी होती.

उरलेल्या तिघांची झाकणे सरांनीच उघडायला लावली. आत पाहतो तर कचेरीत वेळोवेळी दुरुस्ती करताना प्रत्येकात चित्राचे वेगळेच कार्ड बसवलेले. चिपवरचे आकडे इतके बारीक की माझ्या तरुण डोळ्यांनाही दिसेनात. सरांनी जीवशास्त्राच्या कपाटातून फुलांचे केसर पाहायचे भिंग आणले आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. मी तो वहीत उतरवायचा, मग त्यांनी मला तो परत वाचून दाखवायला लावायचा. शाळेत इंटरनेट नव्हते. सोमवारी कचेरीत तो आकडा शोधायचा, योग्य ड्रायव्हर सीडीवर घ्यायचा आणि शनिवारी पौडवरून एसटीने परत कोळवण. एक सीडी दप्तरात चिरडली, तेव्हापासून सीडी पोळीच्या डब्यातून प्रवास करू लागली. दोन शनिवारांचे आठ शनिवार झाले, पण सरांनी घाई केली नाही. माझी मात्र चिडचिड होई. सरांचा स्वभाव इतका संथ आहे की त्यांच्याबरोबर चहा घेतला तरी तो गार होतो, हे या गौरवग्रंथातही मी लपवणार नाही.

त्यांच्या मनाचा मोठेपणा मला मुदतीच्या आदल्या दिवशी कळला. सगळे जुळत आले असताना मी घाईत चुकीची आज्ञा दिली आणि चौथ्या संगणकाची चालती डिस्क कोरी करून टाकली. मला रडू आले. सरांनी वही ओढली आणि लिहिले, ‘यंत्र चार. डिस्क कोरी झाली. पुन्हा भरणे.’ मी म्हणाले, “सर, ‘ताईंनी पुसली’ असे लिहा.” ते हसले. “ह्या वहीत ‘कुणी केलं’ असा रकाना न्हाई ताई.” मग सरांच्या पत्नी सुमनवहिनींनी घरून गरम भात आणि वाटाण्याची उसळ पाठवली आणि अंधार पडायच्या आत आम्ही डिस्क पुन्हा भरली.

दहावा संगणक मात्र कोडे होऊन बसला होता. दहाही संगणक तारेने एकमेकांना जोडले होते, म्हणजे एकावर लिहिलेले दुसऱ्यावर उघडावे. पण दहावा पहिल्यांदा सुरू केला की ही तार जोडायचे स्वतःचे कार्डच त्याला दिसत नसे. तसाच लगेच दुसऱ्यांदा सुरू केला की दिसे. ड्रायव्हर बदलले, कार्ड दुसऱ्या खाचेत बसवले, तार बदलली, तरी तेच.

तात्या पाहणीला यायच्या अर्धा तास आधी मी सरांना हळूच सुचवले, “दहावा आधीच दोनदा सुरू करून ठेवू. कुणाला कळणार आहे?” सरांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच नाराजी पाहिली. “जे दिसतंय तेच दावायचं. परयोगात लबाडी केली तर खोली राहील, पर खोलीत शिकवायचं काय?” त्यांनी दहाही संगणक बंद करायला लावले.

समिती आली. नववीतल्या एका मुलीने पहिल्या संगणकावर गावाचे नाव लिहिले आणि तिसऱ्यावर उघडून दाखवले. माणसे खूश झाली. तात्यांनी मान डोलावली आणि बरोबर कोपऱ्याकडे बोट केले, “आता त्या शेवटच्यावर दाव.” दहाव्यावर काहीच उघडले नाही. सगळ्यांनी सरांकडे पाहिले.

“त्याला दोनदा उठवावा लागतो,” सर म्हणाले.

“का?”

“ठाऊक न्हाई. शोधतोय.”

तात्यांनी वही मागितली. चष्मा लावून पाने उलटली. अनुमानाच्या रकान्यात बोट फिरवत ते दहाव्याच्या पानावर थांबले. तिथे काहीच लिहिलेले नव्हते. “रघुनाथा, माझं पाण्याचं इंजिन बी पहिल्या हँडलला कदी उठलं न्हाई. म्हणून मी काय ते इकलं व्हय?” असे म्हणत ते उठले आणि दारात वळून म्हणाले, “भांडी राहू दे तुझ्याच पडवीत.” मी त्या दिवशी उघड उघड रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

भांडी अजूनही तिथेच आहेत. गावात लग्न निघाले की वहिनींना किल्ली मागायला माणूस येतो आणि वहिनी मला ऐकवतात, “तुमच्या पेट्यांपायी मी भांडारीण झाले!” त्या खोलीत शिकलेल्या दोन मुली आज संगणकाच्या नोकरीत आहेत, आणि दोघींच्याही टेबलावर रकान्यांची वही असते.

जुने संगणक पुढे निकामी झाले आणि शाळेला नवे मिळाले. सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हा शाळेची रीतसर परवानगी घेऊन त्यांनी तो दहावा घरी नेला. पडवीत टोप आणि परातींच्या शेजारी तो झाकण उघडे ठेवून बसला आहे. मी अधूनमधून नवे तर्क कळवते आणि सर एका वेळी एकच करून पाहतात. गेल्या महिन्यात मी स्वतः जाऊन वीजपुरवठ्याचा डबा बदलायला सांगितला, कारण तेच असणार याची मला खात्री होती. तरीही पहिल्यांदा कार्ड दिसले नाही. सरांनी वहीत तसे लिहिले आणि माझ्याकडे पाहिले तेव्हा त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. “बरं झालं,” म्हणाले, “अजून हाय काहीतरी.”

साठी पूर्ण करणाऱ्या सरांना आणि वहिनींना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही आपणा सर्वांबरोबर माझीही प्रार्थना. त्यात माझे एक स्वार्थी मागणे आहे. त्या पानावरचा रकाना एक दिवस जरूर भरावा, आणि तो वाचायला मी पडवीत असावे. पण देवाने त्यासाठी घाई करू नये. सरांनी कधी केली नाही.