ओल्या धानाचा बुरूज

माझं लग्न एका बुरुजापायी मोडता मोडता राहिलं, असं मी सांगते तेव्हा नातवंडांना वाटतं, म्हातारी आमच्या भागातल्या प्रतापगडच्या किल्ल्याबद्दल बोलते आहे. किल्ल्याचा यात संबंध आहे, पण थोडासाच. माझा बुरूज धानाचा होता. बापानं तो रचला आणि मी तो पाडला.

ज्यांनी धान कापलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या देवरीकडे धान कापलं की त्याच्या कडपा, म्हणजे कापलेल्या मुठींच्या ओळी, बांधीतच, शेतातच उन्हात पडू द्यायच्या. वाळल्या की भारे बांधून खळ्यावर आणायचे आणि तिथं पुंजणं रचायचं. लोंब्या आत, बुडखे बाहेर, गोल गोल चढवत न्यायचं, वर निमुळतं करायचं आणि डोक्यावर तणसाची, म्हणजे सुक्या पेंढ्याची, टोपी घालायची. मग सवडीनं बैल फिरवून चुरणी, म्हणजे मळणी, करायची. हलक्या, लवकर येणाऱ्या धानाचं पुंजणं वेगळं, भारी, उशिरा येणाऱ्या धानाचं वेगळं. धान ओलं असेल तर रचायचं नाही, कारण ओलं धान आतल्या आत तापतं, दाणा काळा पडतो, कोंब फुटतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या बाला तर चांगलंच ठाऊक होतं.

पण लग्न जुळवायला पाहुणे आले की ते आधी घरात येत नसत. आधी खळ्यावर जात. पोरगी काळी की गोरी हे नंतर, पुंजणं केवढं हे आधी. पुंजण्याकडे मान वर करून पाहायचं, मग ओसरीत बसायचं, असा रिवाजच होता.

माझी दोन स्थळं आधी हुकली होती. एक माझ्या रंगावरून आणि एक बाच्या तोंडावरून, कारण बा फटकळ माणूस, पाहुण्यालाही सुनावायला कमी करायचा नाही. तिसरं स्थळ अर्जुनीकडचं होतं. ते मला हवं होतं, सरळ सांगते. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेत मी त्या मुलाला पाहिलं होतं. तो डोंगर उतरत होता आणि एका हातानं आईला धरून दुसऱ्या हातात तिच्या चपला घेऊन चालला होता. एवढ्या लोकांत आईच्या चपला हातात धरायची लाज त्याला वाटली नाही, यावरच मी भाळले. पुढं त्यांच्याकडूनच विचारणा आली तेव्हा मी आठ-पंधरा दिवस जमिनीवर नव्हते.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. आम्ही नेमक्या कोणत्या राज्यात आहोत हे तेव्हा दर थोड्या दिवसांनी बदलायचं, जिल्हा मात्र भंडाराच होता. गोंदियाला तांदळाच्या गिरण्यांची धुराडी होती. बा धान घेऊन तिकडं गेला की परत येऊन त्या धुराड्यांचंच बोलायचा. कुणाचं उंच, कुणाचं आखूड. कोसावरून दिसते म्हणे. शेठजी झोपला असला तरी त्याचं धुराडं त्याचं नाव सांगत उभं राहते, हे त्याला फार आवडलं होतं.

त्या साली दिवाळीनंतर आभाळ आलं. दोन दिवस झिमझिम पडली आणि मग सकाळ-सकाळ धुकं. भारी धानाच्या कडपा ओल्या झाल्या. पाहुणे यायचा दिवस मात्र ठरून गेला होता. माय म्हणाली, निरोप पाठवा, आठ दिवस पुढं ढकला. बा म्हणाला, "तिसऱ्यांदा? लोक म्हनतील, ह्यायच्या घरात काहीतरी खोट आहे."

मग त्यानं जे केलं ते आमच्या गावात कुणी केलं नव्हतं. हलकं धान वाळलेलं होतं, त्याची दोन पुंजणी रचून झाली होती. ती त्यानं मोडली. सगळं धान, हलकं-भारी, वाळलेलं-ओलं, एकाच पुंजण्यात घालायचं ठरवलं. वाळलेलं बुडाशी, ओलं वर. खळ्याशेजारच्या मोहाच्या झाडाइतकं उंच. रस्त्यावरून येणाऱ्या गाडीतून दिसलं पाहिजे.

रचायला आमचे पोवारी बोलणारे गडी होते, जंगलाकडची गोंड माणसं होती, छत्तीसगडातून कापणीला आलेल्या बाया होत्या. खालून एक भाषा, शिडीवर दुसरी, वरून तिसरी, आणि मधूनमधून बाची शिवी, ती सगळ्यांना समजायची. मी पेंढ्या उचलून देत होते. पुंजणं चढत होतं तशी मीही फुगत होते, खोटं कशाला बोलू. ते माझ्यासाठी चढत होतं.

तिथं आत्या आली. बाची ही धाकटी बहीण, लहानपणीच विधवा झालेली. पुढं मिशनच्या दवाखान्यात शिकून नर्स झाली आणि तिकडंच ख्रिस्ती झाली. बऱ्याच वर्षांनी परत येऊन गावाच्या टोकाला घर बांधून राहिली होती. बा तिला वर्षाचं धान पोचवायचा, पण बोलायचा मोजकंच. बायाबापड्यांची बाळंतपणं तीच करायची, म्हणून गावानं तिला ठेवून घेतलं होतं.

ती थोडा वेळ मान वर करून पाहत राहिली. मग मला म्हणाली, "अशीच एक गोष्ट आहे आमच्या बायबलात." आणि ती सांगू लागली. एके काळी सगळ्या माणसांची भाषा एकच होती. ती एका मैदानात जमली, विटा भाजल्या आणि आभाळाला टेकेल असा बुरूज बांधायला निघाली. कशासाठी, तर आपलं नाव व्हावं म्हणून. देवानं त्यांच्या भाषा वेगवेगळ्या करून टाकल्या. कुणाचं कुणाला कळेना, आणि काम तसंच राहिलं.

मी म्हटलं, "आत्या, आपल्या खळ्यावर आधीच चार भाषा आहेत. तरी चढूनच राहिलं ना."

ती हसली. "होय वं. मोठेपना सगळ्याच भाषेत कळते." मग ती पुढं म्हणाली की त्याच शास्त्रात एक जुना संदेष्टा, देवाचा निरोप सांगणारा, आहे. त्यानं सांगून ठेवलं आहे की जे जे उंच, त्या सगळ्यावर एक दिवस देवाचा हात पडणार. उंच झाडावर, उंच बुरुजावर आणि माणसाच्या ताठ मानेवर.

माय पेंढी बांधता बांधता म्हणाली, "गर्वाचं घर खाली. एवढंच ना? त्याले एवढं मोठं पुस्तक कायले पाहिजे?"

हे सगळं बानं शिडीवरून ऐकलं. तो खाली उतरला. रागानं त्याचा आवाज बारीक व्हायचा, तसा झाला होता. "बाई, पोरीच्या सोयरिकीचं काम आहे. माह्या खळ्यावर उभी राहून शाप देऊ नको."

"शाप नाही गा दादा," आत्या म्हणाली. "संदेष्टा म्हंजे काही जोशी नोहे. तो सांगते ते खरं व्हावं म्हनून नाही सांगत, चुकावं म्हनून सांगते." आणि तिनं अशा एका संदेष्ट्याची गोष्ट सांगितली, ज्यानं एका शहराला तुमचा नाश होणार म्हणून सांगितलं. लोकांनी ऐकलं, सुधारले, शहर वाचलं. तेव्हा आपलं बोलणं खोटं पडलं म्हणून हा बाबा शहराबाहेर रुसून बसला.

तो रुसलेला संदेष्टा मला फार आवडला. बाला काहीच आवडलं नाही. तिनं पाहुणे येऊन जाईपर्यंत खळ्यावर पाय ठेवायचा नाही, असं त्यानं सांगितलं आणि ती मुकाट्यानं निघून गेली. मला तिची दया आली आणि तिचा रागही आला. हिला आजच हे सांगायचं होतं का, असं वाटलं.

पुंजणं उभं राहिलं. कोहमाऱ्याहून येणाऱ्या वाटेवरून ते दिसायचं. गावातली माणसं उगाच खळ्यावरून चक्कर मारून जायची. बाचा चुलतभाऊ एक दिवस येऊन उभा राहिला, काही न बोलता गेला, आणि त्या रात्री बा दोन भाकरी जास्त जेवला.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी खळ्यावर शेण सारवायला गेले. थंडी होती, ऊन कोवळं होतं. पुंजण्याच्या टोपीतून वाफ निघत होती. आधी मला धुकं वाटलं. मग आंबूस वास आला, मोहाची फुलं कुजल्यासारखा. मी शिडीवर चढून, बाही सारून लोंब्यांकडं हात खुपसला, कोपरापर्यंत. भाताच्या हंडीत हात घातल्यासारखं झालं.

मी धावत जाऊन बाला सांगितलं. तो मला ओरडला नाही, त्यावरूनच मी समजले. त्याच्या उजव्या बाहीला तणसाच्या काड्या चिकटलेल्या होत्या. त्यानंही पहाटे हात घालून पाहिला होता.

"माहीत आहे मले," तो म्हणाला. "आजचा दिस राहू दे. पाहुने जाऊन जाऊ दे, उद्या पाडू."

"उद्यापर्यंत राहील का ते?"

"एका दिसानं काय होते?"

काय होतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यात आमचं वर्षाचं खाणं होतं, पुढच्या सालचं बियाणं होतं, गड्यांची आणि त्या छत्तीसगडच्या बायांची मजुरी होती, कारण मजुरी धानातच द्यायची असे. मी मायकडं पाहिलं. ती चुलीकडं पाहत राहिली.

पुढं मी जे केलं त्याला लोक त्याग म्हणतात. कसला आलाय त्याग! मला राग आला होता. हा माणूस माझ्या लग्नाचं नाव सांगून सगळं सडवणार होता आणि मग जन्मभर मला ऐकवणार होता, तुह्यापायी झालं म्हणून. तो मुलगा मला हवा होता, अगदी पोटातून हवा होता. पण असल्या बोलण्याचं ओझं घेऊन मला सासरी जायचं नव्हतं.

मी साडीचा काचा मारला, शिडीवर चढले आणि टोपी ओढून खाली टाकली. वाफेचा भपकारा तोंडावर आला. मग एकेक पेंढी खाली. बा खाली येऊन उभा राहिला. "उतर," म्हणाला. मी उतरले नाही. "पाहुने येऊन राहिले, उतर." मी रडत होते, पण हात चालू होते. गडी एकमेकांची तोंडं पाहत होते. तेवढ्यात माय आली, पदर खोचला आणि पडलेल्या पेंढ्या उचलून उन्हात पसरू लागली. मग गडी आले, बाया आल्या. आत्यालाही कुणीतरी बोलावून आणलं होतं. ती आली, पण सांगितलं होतं म्हणून खळ्याच्या बाहेरच उभी राहिली. बानं तिच्याकडं पाहिलं. "आता उभी काऊन आहे?" तो म्हणाला. "पसरव."

अर्धंअधिक पुंजणं उतरलं तेव्हा पाहुण्यांची गाडी आली. मुलाचे वडील आणि दोन जाणते. मुलगा नव्हता. आणि मी वर, साडी खोचलेली, केसांत तणस, तोंड रडून सुजलेलं. अशी मुलगी पाहायला कुणी आलं नसेल.

वडील गाडीतून उतरले. त्यांनी पसरलेलं धान पाहिलं, मला पाहिलं आणि बाला विचारलं, "काऊन पाडून राहिले जी?"

बा सहज सांगू शकला असता की चुरणी काढली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तो म्हणाला, "ओलं होतं. तुम्ही येनार म्हनून मोठं रचलं. आत तापलं. पोरीनं पाडलं."

पाहुण्यांनी एक पेंढी उचलली, लोंब्या चोळून हुंगल्या. मायनं पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. ओसरीत चला म्हटलं, तेही नाही. ते गाडीवानाकडं वळले आणि म्हणाले, "बैल जुंप."

गेलं, तिसरंही गेलं. खाली माय मटकन बसली.

बा पुढं झाला. मला वाटलं, आता ह्याचं तोंड सुटतं. पण तो हात जोडून म्हणाला, "माही चूक आहे जी. पोरीची नाही."

पाहुण्यांनी त्याच्याकडं पाहिलं. मुलाचे वडीलच घाबरलेले दिसत होते, आणि ते आमच्यामुळं नव्हे. "तुम्ही पुढच्या आठवड्यात घर पाहाले येनार ना," ते हळू म्हणाले. "आमच्याकडंबी पानी पडलं. आम्हीबी मोठंच रचून ठेवलं आहे. मी हात घालूनच पाहिला नाही."

बानं आमच्या दोन गड्यांना हाक मारली, विळा-दोर घेतला आणि अंगावरच्या मळक्या धोतरानिशी पाहुण्यांच्या गाडीत चढून बसला. "चाला," म्हणाला. "एकट्यानं उतरनार नाही ते." न्याहारीच्या भाकरी मायनं धावत जाऊन गाडीत दिल्या.

तो परत आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले होते. ओट्यावर बसून पाय धुता धुता त्यानं सांगितलं की सोयरीक पक्की झाली. त्यांचं निम्मं धान वाचलं. बा आणि पाहुणे पोचले तेव्हा मुलगा आधीच वर चढून पेंढ्या फेकत होता. चार दिवसांपासून तो बापाशी त्या ओल्या पुंजण्यावरून भांडत होता.

"तुह्यावानीच आहे," बा म्हणाला. "जमेल तुमचं."

मी आत पळणार होते. पण तो अजून काही बोलायचा राहिला होता, हे मला दिसत होतं. त्यानं दुसरा पाय धुतला, तांब्या बाजूला ठेवला.

"पन त्यायचं पुंजनं," तो म्हणाला, "आपल्यापेक्षा दीड हात उंच होतं." आणि एवढ्या सगळ्यानंतरही हे सांगताना माझ्या बाचं तोंड उतरलं होतं.