त्यानं काय केलं ते ल्हा

देगलूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. महिला तक्रार समितीत माझं नाव सात वर्षं होतं. दर वर्षी ‘एकही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करायची, एवढंच काम. आपलं कॉलेज चांगलं आहे, असंच मी समजत होते.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी झाडलोट करणारी बाई वाचनालयात आली. तिशीची असेल, सफाईचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराकडून कामाला होती. झाडू दाराबाहेर ठेवून उभीच राहिली.

“मॅडम, तक्रार तुमच्याकडं द्यायची असती म्हनं. मला ल्हिता येत न्हाई.”

लिहून देणं समितीचंच काम, हे मी नियमात वाचलं होतं. दार लोटून मी तिला बसवलं. फरशीकडे बघत ती बोलत राहिली. ऑफिसातले हेडक्लार्क तिला कपाटामागे झाडायला लावायचे आणि मागून येऊन अंगाला हात लावायचे. दोनदा तर दाराला कडी घातली होती. मी ‘गैरवर्तन केले’ असं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

“मी असं कुठं बोलले?” ती म्हणाली. “त्यानं काय केलं ते ल्हा.”

त्या माणसाबरोबर मी रोज चहा घेत होते. तरी तिच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवले.

प्राचार्यांनी कागद बाजूला सरकवला. “ती आपली कर्मचारी कुठंय? गुत्तेदार बघून घेईल. आणि आजकाल या छळाच्या कायद्याचा कसा गैरवापर चाललाय, तुम्हाला माहीतच आहे.”

“सर, गुत्त्यावरची बाईही या कायद्यात येते.” कागद परत त्यांच्यापुढे ठेवून मी पोच मागितली.

चौकशी झाली. समितीवरच्या नांदेडच्या वकीलबाईंनी हेडक्लार्कला एकाही प्रश्नातून निसटू दिलं नाही. आरोप सिद्ध झाला, त्यांची बदली झाली. पण त्याच महिन्यात गुत्तेदाराने तिला “उद्यापासून येऊ नको” म्हणून सांगितलं. मी पत्रं लिहिली, वकीलबाईंनी अर्ज केले. काही हललं नाही.

आता ती नायगावला एका वसतिगृहात स्वयंपाक करते. निकालाची प्रत द्यायला मी तिथे गेले. पीठ मळता मळता तिने ती माझ्याकडून वाचून घेतली.

“तक्रार केली याचं वाईट वाटतं का?” मी विचारलं.

“त्याचं न्हाई. पन माझं काम सुटलं तवा ह्यो कायदा कामाला आला न्हाई.”

चौकशी जिंकली म्हणून मनातून मी खूश होते, आणि तिचं काम जाईल याचा आधी विचारही केला नव्हता. यंदा सफाईच्या नव्या करारात, तक्रार केलेल्या बाईला कामावरून काढता येणार नाही, अशी अट घाला म्हणून मी लेखी दिलं आहे. प्राचार्य “बघू” म्हणालेत. दर सोमवारी मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारते.