गड दाखवणारा डोमाजी

खैरखेडच्या डोमाजी वानखड्याला गड तोंडपाठ होता, पण तो त्याला कुणी हौसेने शिकवला नव्हता. अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव, आणि गावाच्या डोक्यावर गड. डोमाजीच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या गावची महारकी. मेलेलं ढोर ओढायचं, मौतीचा सांगावा घेऊन रानोमाळ धावायचं, आणि एखादा साहेब गड पाहायला आला की काठी घेऊन त्याच्या घोड्यापुढे पळायचं. पळून पळून गडाचे तीन दरवाजे, बुरूज, चोरवाट, सगळं त्याच्या पायांत बसलं होतं. वर पोचल्यावर साहेब लोक टाक्याचं गार पाणी प्यायचे. डोमाजी दहा हात लांब उभा. पाटलाचा गडी वरून ओतेल तेवढं त्याने ओंजळीत धरायचं. तहान भागली की नाही, हे त्याला कुणी विचारत नसे.

छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती काठी चुलीत घातली. त्याच काठीच्या जाळावर बायकोने, सुंदराबाईने, चहा केला. गावकीचं काम सुटलं तसं गावात मजुरीही मिळेना, म्हणून तो अंजनगावच्या जिनिंगमध्ये रुईचे बोजे उचलायला जाऊ लागला. सहा वर्षं तो गडावर चढला नाही. येता-जाता मात्र मान वर करून बघायचा. त्याचा जीव गडात अडकला होता. घोड्यापुढे पळण्याची चीड आणि गडाची ओढ या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. डोमाजीत होत्या.

बासष्टमध्ये खुशालराव पाटील सरपंच झाले. माणूस वाईट नव्हता. आपण फारच चांगले आहोत असं त्यांना वाटायचं, एवढाच काय तो दोष. कापूस वेचून झाला की पावसापर्यंत खैरखेडचे हात रिकामे. खुशालरावांनी परतवाड्याला चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या मोटारी पाहिल्या आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. लोक पैसे मोडून तिकडे हवा खायला जातात, तर आपला गड काय कमी आहे? त्यांनी सरकारात अर्ज केला. उत्तर आलं: माघ महिन्यात एक अधिकारी येऊन गड पाहतील, पाहण्याजोगा वाटला तर फाट्यापासून पायथ्यापर्यंत रस्ता होईल.

आता साहेबाला गड दाखवणार कोण? गावातल्या निम्म्या लोकांना चोरवाट कुठे सुरू होते हेही ठाऊक नव्हतं. खुशालराव डोमाजीच्या अंगणात येऊन उभे राहिले. या अंगणात त्यांचे पाय पहिल्यांदाच लागत होते.

"डोमाजी, गड तुह्याशिवाय कोणाले येत नाई. साहेबाले दाखवशील?"

"दाखवीन. पण घोड्यापुढं पळल्यावानी नाई. सामान उचलणार नाई. अन् टाक्याचं पाणी माह्या हातानं काढून देईन. पाहुण्यालेबी अन् तुमालेबी."

खुशालरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "पाहू बापा," म्हणाले आणि निघाले.

"पाटील 'पाहू' म्हणते तवा ते 'नाई' असते," सुंदराबाई आतून म्हणाली.

"मले ठाऊक आहे."

"मंग काहून जाता?"

"गड पाहाले जाऊन राहिलो, पाटलाले पाहाले नाई."

साहेब यायच्या आदल्या दिवशी डोमाजी वर गेला आणि मोठ्या दरवाजासमोर मटकन खाली बसला. पाहुणा येणार म्हटल्यावर कुठलंही वऱ्हाडी घर जे करतं तेच गावाने केलं होतं. दरवाजाला चुना फासला होता. चांगला दोन हात, वर गेरूचा पट्टा. कमानीवरची दगडी कमळं, समोरासमोर झुंजणारे दोन हत्ती, त्यांच्यावरची फारसी अक्षरांची ओळ, सगळं पांढऱ्यात गडप. नत्थुजी चहावाला बादली घेऊन शेजारीच उभा होता, आणि लग्नघर सजवल्यासारखा त्याचा चेहरा खुलला होता.

"कसा दिसून राहिला? नवाकोरा!"

"लेका, साहेब नवं पाहाले येते का? त्या अक्षरांपायीच लोक दुरून यायचे. मी सोता आणले आहेत."

खुशालराव धापा टाकत आले आणि हकिगत कळताच त्यांचं तोंड उतरलं. कुणीतरी खुरपं काढलं. डोमाजी उठून दरवाजाला पाठ लावून उभा राहिला. "खुरपं लावलं तं हत्तीची सोंड जाईन. चुना अजून कच्चा आहे. पोती भिजवून लावा, मुरू द्या, मंग काथ्यानं घासा. पाणी लागन भलतं."

पाणी टाक्यात होतं, आणि टाक्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या. त्यातली सातवी पायरी निखळलेली; पाटलाचे गडी तिथेच घसरताना लांबून पाहून पाहून हे डोमाजीला पाठ झालेलं. ज्या टाक्याच्या कडेला त्याला उभं राहू दिलं नव्हतं, त्यात तो उतरला आणि त्याने पहिली बादली वर दिली. ती नत्थुजीने घेतली. मग हातोहात बादल्या चालू झाल्या. बोलायला वेळच नव्हता. दुपारी नत्थुजीला तहान लागली तेव्हा त्याने त्याच बादलीत भांडं बुडवलं आणि गटागटा प्यायला. बाकीचेही प्यायले. खुशालरावांनी मात्र घरून पितळी तांब्या आणला होता.

उन्हं कलली तेव्हा हत्ती मोकळे झाले. अक्षरांच्या खाचांत चुना राहिला तो राहिलाच. आणि गंमत अशी, की काळ्या दगडावर ती पांढरी अक्षरं आता खालूनसुद्धा स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या दिवशी साहेब बराच वेळ मान वर करून ती ओळ वाचत राहिले. अक्षरं अशी उठवायची युक्ती कोणाची, असं त्यांनी विचारलं.

"आमच्या डोमाजीची," खुशालराव म्हणाले. चुन्याचं काही बोलले नाहीत.

साहेब डोमाजीच्या हातचं पाणी प्यायले. रस्ता झाला. दिवाळीनंतर अमरावती-अकोल्याच्या शाळा-कॉलेजांच्या सहली येऊ लागल्या. फाट्यावर बैलांच्या रेंग्या उभ्या राहू लागल्या, नत्थुजीने दुसरी भट्टी घातली, गडावरची सीताफळं टोपलीने विकली जाऊ लागली. पायथ्याशी सुंदराबाईची झुणका-भाकर होती. गावातले लोक सुरुवातीला तिच्याकडे फिरकत नसत. पाहुण्यांची पंगत उठेना तेव्हा फिरकू लागले. डोमाजीने जिनिंग सोडलं. आलेल्या प्रत्येकाला तो गड दाखवी आणि शेवटी टाक्यावर नेऊन भांडं भरून देई. आपण कोण हे तो आधीच सांगून टाकी. ज्याला प्यायचं तो पिई.

खुशालराव दरसाल पाहुणे घेऊन येत, आणि दरसाल त्यांच्या खांद्याला तो पितळी तांब्या लटकत असे. डोमाजीला ते लागायचं. चांगलंच लागायचं. पण त्याने चार वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

सदुसष्टच्या चैत्रात खुशालराव धामणगाव रेल्वेच्या व्याह्यांना घेऊन आले. व्याही अंगाने भारी. दुसऱ्या दरवाजापर्यंतच त्यांनी तांब्या रिकामा केला आणि तिथेच सावलीला लवंडले. खुशालराव एकटे टाक्यापर्यंत आले ते लालबुंद होऊन. ओठ कोरडे पडलेले. डोमाजीने भरलेलं भांडं पुढे केलं.

पाटलांनी भांड्याकडे पाहिलं. त्याला ओठ लावणं त्यांच्याने होईना. ते कमरेत वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडापाशी धरली.

"वरून वत, डोमाजी."

डोमाजी त्या ओंजळीकडे क्षणभर बघत राहिला. मग त्याने भांडं उंच धरलं आणि सावकाश, धार न तोडता ओतलं. ते संपल्यावर दुसरं भरलं.

"भागली का तहान, पाटील?" त्याने विचारलं. "का अजून वतू?"