सांता बार्बाराच्या पाठीमागचं बटण

बायामो गावात ओडाल्किसला दोन गोष्टींवरून ओळखतात: व्होल्ट मोजायचा पिवळा मीटर आणि हट्टी स्वभाव. साखर कारखान्यात तिने वीस वर्षं मोटारी दुरुस्त केल्या. मग कारखाना बंद पडला आणि नवरा एका बस कंडक्टरणीमागे सांतियागोला गेला. तिथे तो भांडी घासतो म्हणे. बातमी पक्की आहे. ओडाल्किस त्याचं नाव काढत नाही. पंखे, भाताचे कुकर, कंप्युटर, जे येईल ते उघडून बसते. पण न मोजता कुणी ‘मेलं’ म्हटलं की तिचं डोकं फिरतं.

गुरुवारी सेनाइदाबाई कंप्युटर टॅक्सीत घालून घेऊन आली. मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे आल्बम छापणं हा तिचा धंदा. शनिवारी एका मुलीचा सोहळा होता आणि आठ पोशाखांतले फोटो याच डब्यात अडकलेले. डिस्क इतकी जुनी की गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्याच मशीनला लागेना. कंप्युटर सुरू व्हायचा आणि मिनिटभरात मान टाकायचा.

“पोरीला पंधरावं एकदाच लागतं गं,” सेनाइदाबाई म्हणाली.

शेजारचा रामिरो कुंपणावरून डोकावला. “पॉवर सप्लाय मेलाय. मला दे, पंखा तरी काढून घेतो.”

“तू आधी तुझ्या घरातला पंखा फिरव.”

ओडाल्किसने सप्लाय, म्हणजे कंप्युटरला वीज पुरवणारी पेटी, सुटा केला, हिरवी आणि काळी तार कागदाच्या पिनेने जोडली. पंखा फिरला. “बघ, मेलेला श्वास घेतोय.” मग एकेक वस्तू जोडत गेली. नुसता बोर्ड जोडला तर चाले, डिस्क लावली की अडखळे. पिवळ्या तारेवर बारा व्होल्ट हवेत, तिथे नऊ, मग काहीच नाही. भिंतीतल्या प्लगवर मात्र एकशेबारा, म्हणजे इथल्या एकशेदहाच्या विजेला अगदी ठीक. वायर बदलली, तरी तेच.

“चल, सोड नाद,” रामिरो म्हणाला.

“पोटभर मिळत नाहीये त्याला. का ते कळेपर्यंत सोडत नाही.”

आत साठलेली वीज उतरावी म्हणून रात्रभर प्लग काढून ठेवला आणि शुक्रवारी तिने सप्लायच उघडला. आतला एकही कपॅसिटर फुगलेला नाही, जळका वास नाही. फक्त दोन बारीक तारा मागच्या पत्र्याकडे गेलेल्या. आणि पत्र्यावर बाहेरून चिकटवलेलं सांता बार्बाराचं चित्र; ती वादळाची आणि विजेची संत. दोन दिवस ओडाल्किस आदराने तिला वळसा घालत होती.

“सेनाइदाबाई, हिच्या मागे काय आहे?”

सेनाइदाबाईने हातपंख्याचा वेग वाढवला. “मागच्या महिन्यात वीज गेली, परत आली आणि शेजारणीचा फ्रीज जळाला. आपल्याकडे भिंतीत दोन्ही प्लग, एकशेदहाचा अन् दोनशेवीसचा. म्हटलं, मागचं लाल बटण दोनशेवीसवर सरकवलं तर दुप्पट वीज आली तरी सोसेल. आणि वर संत बसवली.”

“तेव्हापासूनच बिघडला?”

“हो. पण सांता बार्बारावर आळ कसा घेऊ?”

ओडाल्किसने मीटर खाली ठेवला. “म्हणजे याला भूक लावलीत दोनशेवीसची, आणि ताट वाढता एकशेदहाचं.”

रामिरो कुंपणाला धरून हसत राहिला. ओडाल्किसने कॉफीच्या वाफेवर कागद हलकेच सोडवला, बटण एकशेदहावर आणलं, सगळं जोडलं आणि मीटर लावला. बारा. डिस्क लावली, प्रिंटर लावला. बाराच. तासभर ती त्या आकड्यावरून हलली नाही. मग सेनाइदाबाई छापायला बसली आणि संत फ्रीजच्या दारावर गेली.

शनिवारी केकच्या आधी आल्बम पोचला. रामिरोने दोन तुकडे हाणले आणि जो भेटेल त्याला सांगितलं की मागून बघायला आपणच सुचवलं होतं. ओडाल्किस ते ऐकत होती, पण वाद घालायला तिला वेळ नव्हता. यजमानांच्या गाण्याच्या मशीनने मधेच मान टाकली होती आणि कुणीतरी “मेलं” म्हणालं होतं. तिने पर्समधून मीटर काढला.