पाण्याचा कौल

उंदीर मारण्याआधी मदने मॅडम त्याच्या पाठीवर पाणी शिंपडायच्या. त्यानं अंग झाडलं की मान पात्याखाली. नाही झाडलं, तर परत पिंजऱ्यात. सांगलीच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी हे पाहून मला, वाईच्या पोरीला, हसू फुटलं. त्यांनी चिमटा माझ्या बोटांवर हाणला. "आमच्याकडं बिरोबाच्या बकऱ्यालाबी आधी इचारत्यात. त्यानं अंग झाडलं की कौल. देव थांबतो, तू कोण लागून गेलीस?"

बाई मायाळू, पण हात कसायाचा. पातं खाडकन पडे, टेबल लाल होई आणि उडतं हृदय बर्फात जाई. मी पात्याला धार लावायला विसरले की ओरडत, "मारायचंच तर पातं धारदार ठेव. बोथट पात्यानं मारणं म्हंजी दोनदा मारणं." मला त्यांची भीती वाटे आणि त्यांच्याशिवाय करमतही नसे.

पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांना त्या चुली म्हणत. तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांच्या अवयवांचा प्राणवायू आम्ही तोडायचो आणि कुठली चूल तगते ते बघायचो. आमच्या म्हाताऱ्या उंदरांत हृदयाच्या चुली लवकर मान टाकत. यकृताच्या मात्र मार खाऊनही पुन्हा पेटत. "म्हातारपण सगळ्या घरांत एकदम शिरत न्हाई," त्या म्हणत. निवृत्तीनंतरही रोज यायच्या आणि चहा पिता पिता बजावायच्या, "मी मेले तर माझं लिव्हर वाया घालवू नका."

गेल्या वर्षी माधवनगरजवळ उसाच्या ट्रॉलीनं त्यांची स्कूटर चिरडली. कवटी फुटली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: मेंदू मेला आहे, श्वास यंत्राचा आहे, हृदय कुणाला देण्याजोगं नाही, यकृत मात्र चांगलं आहे आणि एक रुग्ण त्याच्यावाचून मरायला टेकलाय. संमती त्यांच्या धाकट्या भावाची, बिरूमामांची, हवी होती.

बिरूमामा मेंढरं सोडून धावत आले होते. गावच्या जत्रेत बकरं कापायचा मान त्यांचा. त्यांनी डॉक्टरांची गचांडी धरली आणि त्यांना भिंतीवर आदळलं. "छाती हालतीया तिची! जित्त्या भनीला कापू देऊ व्हय?"

मी मध्ये पडले, तर मलाही ढकललं. ओठ फुटला. रक्त पुसत मी किंचाळले, "मामा, तिकडं माणूस मरतंय! मॅडमनीच सांगून ठेवलंय!"

मामा थबकले. मग तांब्याभर पाणी मागितलं. अंग झाडलं नाही तर कापायचं नाही, हा नियम मला पाठ होता.

त्यांनी बहिणीच्या तोंडावर पाणी शिंपडलं. "आक्के, बोल." पापणीसुद्धा हलली नाही. पुन्हा शिंपडलं. पाणी कानाकडे ओघळलं. मामांनी तांब्या खाली ठेवला.

"न्हाई म्हणणारं बकरंबी डोळं मिचकावतंय," ते शेवटी म्हणाले. "हितं न्हाई म्हणायलाबी कुणी उरलं न्हाई. गेली माझी आक्का."

डोक्यावरच्या पटक्याच्या टोकानं त्यांनी तिचं तोंड पुसलं आणि डॉक्टरांकडे वळले.

"न्या. पर पातं धारदार असू द्या."