मधातून घ्यायचं चूर्ण

गर्भाच्या पिशवीत गाठ आहे, अंगावरून फार जातंय, तेव्हा पिशवी काढलेली बरी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि आमच्या गल्लीतल्या बायकांनी मला ताब्यातच घेतलं. ऑपरेशनचं नाव काढलं की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. औषधं मात्र प्रत्येकीकडे तयार. एकीनं अशोकाच्या सालीचा काढा सांगितला, दुसरीनं होमिओपॅथीच्या गोळ्या आणल्या. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, पेठ वडगावच्या वैद्यांचं चूर्ण आणलं. मी सगळंच घेतलं. कापून घ्यायची भीती मलाही होतीच की.

चूर्ण मधातून चाटायचं होतं. आमचं घर जैनांचं, मध उंबऱ्याच्या आत येत नाही. आत्तींनी वैद्यांना न विचारता ते काकवीत कालवून द्यायला सुरुवात केली. गुऱ्हाळांच्या मुलखात काकवीला काय तोटा! दिवस मावळायच्या आत जेवण आणि जेवणावर चाटण. गोड लागायचं, एवढाच काय तो गुण.

दिवाळीनंतर पुन्हा सोनोग्राफी केली. गाठ वाढली होती. जिना चढताना मला कठड्याला धरून थांबावं लागत होतं. गल्लीनं मात्र निकाल देऊन टाकला, चूर्ण चांगलंच होतं, काकवीनं घात केला. ते आत्तींच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारातून आल्या त्या पदराखाली काहीतरी झाकूनच. मधाची बाटली होती. जन्मात जिनं घरात कांदा येऊ दिला नाही, ती बाई दुकानात उभी राहून मध मागून आली होती.

"घे. पाप माझ्या माथी," त्या म्हणाल्या. "माझी भन अशाच ऑपरेशनला गेलती, ती माघारी आली न्हाय. तुझं तसं व्हायला नगं."

मला रडू आलं आणि रागही आला. या बाईला आयुष्यभराचा नेम मोडायला लावणारी गाठ मला आता पोटात एक दिवसही नको होती.

"आत्ती, ही बाटली मी उघडणार न्हाय," मी म्हटलं. "मधानं बी काय व्हायचं न्हाय. माझं रक्त चाललंय. मी ऑपरेशन करून घेणार. भ्या वाटलं तरी करणार."

त्यांनी बाटली परत पदराखाली घेतली. आता अबोला धरणार, असं मला वाटलं. तरी मी फोन घेतला आणि दवाखान्याचा नंबर शोधू लागले.

"दोघींचं नाव सांग," त्या म्हणाल्या.

"दोघींचं?"

"माझंबी अंगावरनं जातंय. पाळी बंद होऊन वर्सं झालती, आता परत सुरू झालंय. तुझ्या चूर्णातलं चिमूटभर मीबी घेत हुते."

मी दोघींची नावं सांगितली आणि त्याच दुपारची वेळ मागितली.